सरकलेली ओळ

सुट्टीला वेल्ह्यात आलेली आमच्या वस्तीतली एक मुलगी परवा रडवेली होऊन म्हणाली, "काका, संगणकाचा कोर्स सोडते. एक ओळ समासातून सरकली की सगळा प्रोग्राम अडतो."

पायथॉन भाषेत कोणती ओळ कोणाच्या पोटात, हे समासावरूनच ठरते. जमाखर्चात आपण पोटखाते आत लिहितो, तसेच हे. पोर मात्र एकेक ओळ जागा मोजून सरकवत बसायची. युक्ती तिच्या इंग्रजी पुस्तकातच होती. आम्ही दोघांनी मिळून ती लावली.

'विम'मध्ये आधी एस्केप दाबावे. मग कळफलक अक्षरे न उमटवता हुकूम ऐकतो. गणितातले 'पेक्षा मोठे'चे चिन्ह दोनदा दाबले की ओळ आत जाते. 'पेक्षा लहान'चे दोनदा, की बाहेर येते. आधी 5 दाबल्यास पाच ओळी एकदम सरकतात. पूर्णविरामाने तीच कृती पुन्हा होते, चुकल्यास यू. लिहिता लिहिता कंट्रोल-टीने आत, कंट्रोल-डीने बाहेर. किती जागा सरकायचे ते 'शिफ्टविड्थ'मध्ये ठरते. पायथॉनसाठी 4 ठेवतात.

ब्राम मोलेनार यांनी 1991 साली विम फुकट खुला केला आणि वापरणाऱ्यांना युगांडातील गरजू मुलांना मदत करण्याची विनंती केली. 2023 मध्ये ते वारले.

मुलीने कोर्स सोडला नाही. पालकहो, "जमत नाही" म्हणणाऱ्या मुलाला रागावू नका. त्याच्या शेजारी घटकाभर बसा. इंग्रजी येत नसले तरी बसा.