एकाहत्तरचं युद्ध, तीन देशांची पुस्तकं

१६ डिसेंबरला दिल्लीत विजय दिवस असतो आणि ढाक्यातही विजय दिवसच असतो. त्याच दिवशी पाकिस्तानी वर्तमानपत्रांत ‘सुकूत-ए-ढाका’वर, म्हणजे ढाक्याच्या पाडावावर, सालाबादचे लेख येतात. युद्ध एकच, १९७१चं. पण या तीन देशांतली दहावी-बारावीची मुलं एका बाकावर आणून बसवली, तर आपण एकाच युद्धाबद्दल बोलतोय हे त्यांना कळायलाही थोडा वेळ लागेल.

पाकिस्तानपासून सुरुवात करणं सोपं, कारण आपल्याकडे हसायला तेवढंच पुरतं. तिथे ‘पाकिस्तान स्टडीज’ हा सक्तीचा विषय आहे आणि देशाचे दोन तुकडे कसे झाले याची कारणं मुलं त्यात पाठ करतात. भारताचा हस्तक्षेप, भाषेचा वाद, आर्थिक विषमता, आणि पूर्व पाकिस्तानातल्या हिंदू शिक्षकांनी बंगाली मुलांची मनं बिघडवली हे एक खास कारण. १९७०च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडच्या १६२पैकी १६० जागा जिंकल्या होत्या. ३०० सर्वसाधारण जागांच्या राष्ट्रीय सभेत हे निर्विवाद बहुमत होतं, तरी ती सभा भरवलीच गेली नाही. २५ मार्चच्या रात्री सैन्य ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहांत शिरलं. या दोन गोष्टींशिवाय एकाहत्तर कळत नाही, आणि नेमक्या त्याच तिथल्या पुस्तकांत झाकल्या जातात.

पण हसताना एक विसरलं जातं. या पुस्तकांची सालटी सर्वांत आधी काढली ती पाकिस्तानी माणसांनीच. इतिहासकार के. के. अझीझ यांनी ६६ पाठ्यपुस्तकं तपासून १९९३मध्ये ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’ लिहिलं. २००३मध्ये ए. एच. नय्यर आणि अहमद सलीम यांच्या अहवालाने तेच काम पुढे नेलं. पराभवाची चौकशी करायला सरन्यायाधीश हमूदूर रहमान यांचा आयोग नेमला गेला होता आणि ते स्वतः बंगाली होते. त्यांनी आपल्याच सेनापतींना धारेवर धरलं, पण अहवाल जवळपास तीन दशकं कपाटात राहिला. २०००मध्ये एका भारतीय साप्ताहिकाने त्यातला भाग छापला, तेव्हा कुठे तो खुला झाला. याबद्दल आपण फार मान उंचावू नये. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल भारत सरकारने आजही खुला केलेला नाही.

बांगलादेशची तऱ्हा निराळी. तिथे एकाहत्तर लपवलं जात नाही, उलट तेच राष्ट्राचं जन्मपत्र आहे. भांडण आहे ते त्यावर नाव कोणाचं घालायचं याचं. स्वातंत्र्याची घोषणा शेख मुजीब यांनी केली की मेजर झियाउर रहमान यांनी? मुजीब यांची अवामी लीग सत्तेवर आली की पुस्तकात मुजीब मोठे होतात आणि झियांचा पक्ष बीएनपी आला की झिया. २००९मध्ये हे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने मुजीब यांच्या बाजूने निकाल दिला. जणू इतिहास सातबाऱ्यावर चढवायचा असतो! ऑगस्ट २०२४मध्ये शेख हसीना यांची सत्ता गेली आणि २०२५च्या नव्या पुस्तकांत झियांनी २६ मार्चला घोषणा केली, दुसऱ्या दिवशी मुजीब यांच्या वतीने पुन्हा केली, असा मजकूर आला. मलपृष्ठावर हसीनांची छायाचित्रं होती, तिथे त्यांच्याविरुद्धच्या जुलैच्या उठावातली भिंतीवरची चित्रं आली. म्हणजे थोरल्या भावाने पाठ केलेलं उत्तर धाकट्याने लिहिलं तर त्याचे गुण जायचे.

आकड्यांचंही तसंच. बांगलादेशात ३० लाख हुतात्मे ही अधिकृत संख्या आहे. पाकिस्तानी लष्कराने हमूदूर रहमान आयोगाला सांगितलेला आकडा २६ हजारांचा होता. खरी संख्या या दोहोंच्या मध्ये कुठे आहे यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही, आणि शाळेत शिकवण्याजोगी गोष्ट खरं तर हीच आहे. उर्दूभाषक बिहारी कुटुंबांचीही त्या वर्षी कत्तल झाली. त्यांचे वंशज आजही ढाक्याच्या मोहम्मदपुरातल्या जिनिव्हा कॅम्पमध्ये दाटीवाटीने राहतात. बांगलादेशच्या धड्यांत त्यांना फारशी जागा नाही. पाकिस्तानात त्यांची आठवण निघते ती बहुतेकदा लष्कराची बाजू सावरण्यापुरती.

आता आपलं दप्तर उघडू. एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात हे युद्ध काही परिच्छेदांत उरकतं. सुमारे ८० लाख निर्वासित आले, भारताने मुक्तिसंग्रामाला नैतिक आणि साधनसामग्रीची मदत केली, डिसेंबरमध्ये युद्ध पेटलं, दहा दिवसांत ढाक्याला तीन बाजूंनी वेढा पडला, पाकिस्तानचे सुमारे ९० हजार सैनिक शरण आले. यात खोटं काही नाही, पण ‘मदत’ या शब्दाखाली बरंच काही झाकलं गेलंय. मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या, नौदल कमांडोंना प्लासीजवळ भागीरथीकाठी भारतीय नौदलाने शिकवलं होतं आणि १५ ऑगस्टच्या रात्री त्यांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथली जहाजं उडवली. औपचारिक युद्ध सुरू व्हायला तेव्हा साडेतीन महिने अवकाश होता. जिंकलेल्या देशाला हे सांगायला अडचण का वाटावी?

बांगलादेशींची तक्रार दुसऱ्या टोकाची आहे. आमचा नऊ महिन्यांचा लढा तुमच्या सांगण्यात तेरा दिवसांचं भारत-पाक युद्ध होऊन जातो, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबर २०२४मध्ये पंतप्रधान मोदींच्या विजय दिवसाच्या संदेशात बांगलादेशचं नावच नव्हतं. त्यावर ढाक्यातल्या हंगामी सरकारचे सल्लागार आसिफ नझरूल यांनी, भारत या विजयात फक्त सहकारी होता, असं सुनावलं. श्रेय देताना दोघांनीही हात आखडता घेतला.

ही गुंतागुंत मराठी मुलांना समजावायची असेल तर जमालपूरची गोष्ट हाताशी आहे. डिसेंबर १९७१च्या दुसऱ्या आठवड्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रेकाठच्या या गावाच्या दक्षिणेला वाट अडवून बसली होती. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार, पुढे ब्लू स्टारमुळे ज्यांचं नाव सर्वतोमुखी झालं ते. भारताचे ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरचे पाकिस्तानी अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांना शरण येण्याबद्दल चिठ्ठी पाठवली. ती घेऊन गेले मुक्तिवाहिनीचे जहुरुल हक मुन्शी. मुन्शी मार खाऊन परतले आणि उत्तरासोबत घेऊन आले बंदुकीची एक गोळी. १० डिसेंबरच्या रात्री सुलतान अहमद यांच्या बलुच पलटणीने वेढा फोडायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांच्या माऱ्यात तिची मोठी हानी झाली.

आपल्याकडे ही जंगी पलटणीची शौर्यकथा आहे. पाकिस्तानी लष्करी वर्तुळात सुलतान अहमद यांची गोळी बाणेदारपणाची खूण म्हणून सांगितली जाते. बांगलादेशच्या कथेत नायक आहेत मुन्शी. तिथे याच भागातल्या सेक्टर ११चे प्रमुख अबू ताहेर यांचंही नाव निघतं. कामालपूरच्या लढाईत त्यांचा पाय गेला होता आणि १९७६मध्ये, झियांची पकड असलेल्या राजवटीत, ते फासावर गेले. इथे एकाच लढाईच्या तीन गोष्टी आहेत. तिन्ही खऱ्या आहेत आणि प्रत्येकीत दुसऱ्या कोणाचा तरी भाग गाळलेला आहे.

असं शेजारी ठेवून शिकवणं अशक्य नाही. फ्रान्स आणि जर्मनीने २००६मध्ये दोन्ही भाषांत एकाच मजकुराचं इतिहासाचं पुस्तक काढलं. फार थोड्या शाळांनी ते लावलं हेही खरंच, पण निघालं तर! जपान, चीन आणि दक्षिण कोरियातल्या इतिहासकारांनी आणि शिक्षकांनी २००५मध्ये मिळून एक पुस्तक लिहिलं, आणि तेही जपानी पाठ्यपुस्तकांवरून चिनी शहरांत निदर्शनं पेटली त्याच वर्षी. दिल्ली, ढाका आणि इस्लामाबाद यांच्यात असं काही आज होणार नाही, आणि त्याची वाट पाहण्यातही अर्थ नाही.

बालभारतीला मात्र कोणाची वाट पाहायची गरज नाही. एकाहत्तरच्या धड्याला दोन पानं जोडून त्यांवर तिन्ही देशांच्या पुस्तकांतले उतारे मराठीत द्यावेत आणि खाली प्रश्न विचारावा, प्रत्येकाने काय गाळलंय? मंडळ हे करील तेव्हा करो. एनसीईआरटीची आणि ढाक्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तकं संकेतस्थळांवर फुकट मिळतात. नववी-दहावीला इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी या डिसेंबरात त्यासाठी दोन तासिका राखून ठेवाव्यात.