मेन्यूकार्डावर नसलेला जिल्हा

नवापूरचे रेल्वे स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. फलाटावरच्या बाकाचे अर्धे अंग महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे बसून छायाचित्र काढून घेणे हा प्रवाशांचा आवडता उद्योग. पण ही सीमा खरी कळायची असेल तर गावाकडच्या एखाद्या परमिट रूममध्ये जेवायला बसावे.

‘परमिट रूम’ या शब्दाला आपण इतके सरावलो आहोत की त्यातला परवाना ऐकूच येत नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा दोन्ही राज्यांचा समाईक वारसा. १९६० मध्ये द्विभाषिक मोडले. गुजरातने बंदी पाळली. महाराष्ट्राने ती सैल केली, कायदा मात्र ठेवला. म्हणून आपल्याकडे पिणाऱ्याने कागदोपत्री आजही परवाना घ्यायचा असतो.

बँकेत असताना हॉटेल-बारच्या कर्जाचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जात. सीमेजवळच्या प्रस्तावात गिऱ्हाईक कुठून येणार, हे विचारावे लागत नसे. पलीकडे बंदी असणे हेच त्या धंद्याचे भांडवल. ताळेबंदात त्याला रकाना नव्हता इतकेच. इमारत, फ्रीजर, खुर्च्या, पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’, सारे हिशेबात बसे. मोहाची फुले वेचणारी बाई आमच्या काउंटरपर्यंत कधी आलीच नाही. आली असती तरी तारण काय ठेवणार होती?

या बारमध्ये मी पाहिलेली मेन्यूकार्डे लुधियानात छापली असती तरी चालले असते. पनीर बटर मसाला, चिकन मंचुरियन, दाल फ्राय. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या ‘दाल फ्राय’पुढे नवापूरचे नाव लिहावे, असे कुणाला सुचत नाही. धडगावच्या बायका कैऱ्या चिरून आमचूर वाळवतात, नंदुरबारची मिरची देशभर जाते. ताटात जिल्हा असेलही, कार्डावर नाही.

पेल्यात तर नाहीच. उसाच्या मळीपासून इथेच गाळलेल्या दारूला सरकारदरबारी ‘विदेशी मद्य’ म्हणतात आणि भिल्ल-पावरा ज्या मोहाच्या दारूची धार देवाला घालतात, ती ‘गावठी’. मोहफुलांवरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले; घरी गाळून विकणे मात्र गुन्हाच. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्येच मानांकन मिळाले, हेही लक्षात घ्यावे.

दारूने आदिवासी घरे बुडवली, असे कोणी म्हणेल. बुडवली आहेत. तळोदा तालुक्यातल्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली, ते उगाच नव्हे. (‘आप की जय’ हा त्यांच्या अनुयायांचा नमस्कार.) पण त्यांचे नाव घेऊन मोहाची भट्टी फोडायची आणि शेजारच्या बारच्या परवान्याचे दरवर्षी नूतनीकरण करायचे, याला मी व्यसनमुक्ती म्हणणार नाही. ज्याला सोडायची त्याने दोन्ही सोडावी.

ज्यांना सोडायची नाही त्यांच्यासाठी मोह गाळण्याचा परवाना आदिवासी बचत गटांना द्यावा, शुद्धतेची तपासणी सरकारने करावी, आणि ती बाटली त्याच परमिट रूमच्या कपाटात, त्याच करासह उभी राहावी. कर्ज बँकांनी द्यावे. तारणाचा प्रश्न निघालाच, तर बचत गटांच्या परतफेडीची खाती उघडून पाहावीत. मी पाहिली आहेत.