आधी ठिणगी पाहा



चण्याला फांद्या फुटताना पाणी द्यायचे असते आणि नेमके तेव्हाच वणेच्या काठावरचे जुने पेट्रोल-रॉकेल इंजिन रुसून बसते. दोरी ओढून खांदा भरून येतो, मग विनाकारण कार्बोरेटर खोलला जातो. आधी प्लग काढून पाहा.

प्लगला रॉकेलचा वास येत असेल, तर इंजिन मागच्या वेळी रॉकेलवरच बंद केलेले आहे. थंड इंजिनात रॉकेल पेटत नाही. कार्बोरेटरमधले रॉकेल काढून पेट्रोल येऊ द्या. पुढे बंद करण्यापूर्वी थोडा वेळ पेट्रोलवर चालवत जा.

आता कॉक बंद करा, सांडलेले पेट्रोल पुसा. (हे न केल्याने एकदा माझ्या मिशा होरपळल्या!) प्लग पुसून टोपीत बसवा, त्याचे आटे भोकापासून दूर इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि दोरी ओढा. ठिणगी निळी, ठसठशीत हवी. नसेल तर दुसरा प्लग लावून पाहा. तरी नाही, तर बंद करायच्या बटणाची वायर सोडून पाहा. उंदराने कुरतडलेली वायर लोखंडाला लागली की ठिणगी मरते. अशी वायर बदलूनच घ्या.

राहिले पॉइंट. पावसाळ्यात त्यांवर थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने काढून कोरड्या कागदाने पुसा. फट साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदला. पॉइंट फ्लायव्हीलखाली असतील तर हातोडा मात्र मारू नका. मिस्त्रीकडून पुलर आणा.