आरोग्यविचार : किरणांनंतरची लस

एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्यांच्या सात वर्षांच्या पुतण्यास रक्ताचा कर्करोग झाला होता. सर्वांगावर किरण देऊन नंतर त्याच्या बहिणीची अस्थिमज्जा शिरेवाटे त्याला दिली. मुलगा घरीं आला आहे. पण सर्व लशी पुन्हां टोंचाव्या लागतील असें डॉक्टर म्हणतात. सासूबाईंचें म्हणणें, "जन्मल्यापासून सगळ्या टोंचून झाल्या, आतां त्या अशक्त पोराला पुन्हां सुया कशाला?"

सासूबाईंचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. लस टोंचल्यावर तिची आठवण राखतात त्या रक्तांतील, मज्जेंतील व रसग्रंथींतील पांढऱ्या पेशी. आणि किरणांचा घाव प्रथम बसतो तो बहुधा त्यांच्यावरच. १९४५ सालीं हिरोशिमांत स्फोटांतून वांचलेलीं कित्येक माणसें दोनतीन आठवड्यांनीं ताप, घशांतील व्रण व रक्तस्राव होऊन दगावलीं. पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, आणि एरव्हीं आतड्यांत निमूट नांदणारे जंतूच जिवावर उठले.

येथें आधीं काय व मागून काय, यालाच सारें महत्त्व आहे. लुडविग हेक्टोएन यांनीं १९१५ सालीं प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, क्ष-किरणांनंतर नवीं प्रतिद्रव्यें तयार होण्याचें काम मंदावतें. उलट, आधींच सिद्ध झालेलीं प्रतिद्रव्यें व तीं पाझरविणाऱ्या पेशी किरणांपुढें बऱ्याच तग धरतात. म्हणून किरणांपूर्वीं टोंचलेली लस पुष्कळ अंशीं कामास येते. लगेच नंतर टोंचलेली म्हणजे स्वयंपाकी घरीं नसतां शिधा पाठविणें होय.

मग या मुलाची जुनी लस कां पुरूं नये? कारण त्याची जुनी मज्जा औषधांनीं व किरणांनीं मुद्दाम नाहींशी केली आहे. बहिणीच्या मज्जेपासून निपजलेल्या पेशींचा संसार नवा. पूर्वींचीं प्रतिद्रव्यें हळूहळू ओसरत जातात. त्यास घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला सारें पुन्हां शिकविलें पाहिजे. या लशींचा आरंभ प्रकृति पाहून साधारण तीन महिन्यांपासून वर्षाच्या आंत होतो. गोंवर, कांजिण्या यांच्या लशींत दुबळे केलेले कां होईनात, पण जिवंत विषाणु असतात. त्या दोन वर्षें तरी थांबवितात, व पुढेंही शक्ति परत आल्याची खात्री झाल्यावरच देतात. (शरीराच्या एकाच भागावर किरण घेतलेल्यांनीं हें आपणांस लावून घेऊन घाबरूं नये, त्यांची सगळी मज्जा जात नाहीं.)

तोंवर मुलाचें रक्षण घरच्यांकडेच. सर्वांनीं फ्लूची लस दर वर्षीं टोंचून घ्यावी, आजीनेंही. पत्रांत धाकट्या जावेच्या तान्ह्या बाळाचा उल्लेख आहे, तो फार महत्त्वाचा. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या थेंबांतील जिवंत विषाणु बाळाच्या शौचावाटे कांहीं आठवडे बाहेर पडतो. अशा घरांत बाळाला पोलिओची टोंचण्याचीच लस द्यावी, आणि थेंब पाजावयास दारीं येणाऱ्या ताईंना आंतल्या खोलींतील मुलाची हकीकत आधींच सांगावी.