टिनटिन आणि ‘काळाचे अपत्य’ नावाची पळवाट

१/४
‘टिनटिन इन द काँगो’ (१९३०–३१) या चित्रकथेत टिनटिन आफ्रिकी मुलांना बेल्जियम हीच त्यांची मायभूमी असल्याचे शिकवतो. त्यावर आक्षेप घेतला की उत्तर ठरलेले असते : चित्रकार एर्जे त्याच्या काळाचे अपत्य होता. हा बचाव टिकत नाही.

२/४
काँगोतील अत्याचारांवरचा केसमेंट अहवाल १९०४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. १९०८ मध्ये बेल्जियन सरकारने ती वसाहत राजा लिओपोल्डकडून काढून घेतली. सत्य उपलब्ध होते. चित्रकथेत ते उमटले नाही.

३/४
१९३४ मध्ये एर्जेला झांग चोंगरेन हा चिनी कलाविद्यार्थी भेटला. त्यातूनच ‘द ब्लू लोटस’ साकारले. त्यात जपानी आक्रमण आणि युरोपीय पूर्वग्रह या दोहोंवर निर्भीड प्रहार आहेत. काळ तोच, चित्रकारही तोच. या वेळी मात्र त्याने जाणून घेतले.

४/४
तरीही १९४१–४२ मध्ये, जर्मन नियंत्रणाखालील ‘ल सुआर’ दैनिकात, त्याने ब्लुमेनस्टाइन नावाचा कपटी ज्यू सावकार रंगवला. युद्धानंतर ते नाव बदलण्यात आले.

टिनटिन अवश्य वाचावा. परंतु एर्जेच्या निवडींचे ओझे काळाच्या खांद्यावर टाकू नये.