सफरीचा बेत आणि शिकाऱ्याची यादी

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबानें आफ्रिकेंतील वनचर पाहण्यास जाण्याचा बेत केला. आजोबा निवृत्त शिक्षक, वय ६७. आजी त्यांच्याहून चार वर्षांनीं लहान. मुलगा व सून दोघेंहि नोकरी करणारीं. आणि बारा वर्षांची नात, जिच्या हट्टामुळें हा सारा प्रपंच उभा राहिला. एका प्रवासी मंडळीनें त्यांच्या हातीं छापील कार्यक्रम दिला : ‘दहा रात्री, चार देश, पांच महापशु.’ केनिया, टांझानिया, युगांडा व रवांडा हे ते चार देश. पैसे भरण्यापूर्वीं आजोबांनीं तो कागद आमच्यापुढें ठेवून मत विचारलें. आम्हीं तें स्पष्ट सांगितलें, आणि तें त्यांना रुचलें नाहीं. “चाळीस वर्षें खडू झिजविला, आतां तरी काटकसरीचा धडा देऊं नका,” असें ते म्हणाले. आमचा आक्षेप खर्चास नव्हताच. तो कशास होता हें त्या दिवशीं नीट सांगतां आलें नाहीं. आणि असले कागद हल्लीं घरोघर दिसूं लागले असल्यामुळें तो येथें सविस्तर मांडणें आम्हांस आवश्यक वाटतें.

प्रथम त्या कागदाचेंच परीक्षण करूं. त्याचा मुकुटमणि म्हणजे रवांडांतील पर्वतीय गोरिलांचें दर्शन. हा प्राणी विरुंगा पर्वत आणि ब्विंडीचा अरण्यप्रदेश एवढ्या दोनच ठिकाणीं जगांत उरला आहे, आणि त्याची संख्या हजाराच्या थोडीशीच वर आहे. एका कळपापाशीं दिवसांतून एकदांच, आठच प्रवाशांस, केवळ तासभर थांबतां येतें. आणि त्यासाठीं रवांडा सरकार २०१७ सालापासून परक्या प्रवाशाकडून माणशीं १,५०० डॉलर घेतें. नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत, कारण आपलें साधें पडसेंहि त्या प्राण्याच्या जिवावर बेतूं शकतें. परंतु त्याच नियमांत आणखी एक कलम आहे : पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाहीं. म्हणजे जिच्यासाठीं ही यात्रा, ती नात सफरींतील सर्वांत महागड्या दिवशीं खोलींत बसणार, आणि तिच्या सोबतीस घरांतील कोणी तरी बसणार. कागदांत याचा उल्लेखहि नव्हता.

दुसरी गोष्ट परवान्याची. ‘पूर्व आफ्रिकेस एकच व्हिसा’ असें त्यांत ठळक अक्षरांनीं छापिलें होतें. असा व्हिसा आहे खरा. २०१४ सालापासून तो शंभर डॉलरांस मिळतो व नव्वद दिवस चालतो. पण तो चालतो केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांत. टांझानिया त्यांत नाहीं. तिसरी गोष्ट प्रकृतीची. केनिया किंवा युगांडा येथून परतणाऱ्याजवळ पीतज्वराच्या लशीचा दाखला नसेल, तर आपलें सरकार त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवूं शकतें. आणि तो दाखला लस टोंचल्यावर दहा दिवसांनीं लागू होतो. ही लस प्रथमच घेणाऱ्या साठीपुढील माणसांस क्वचित् गंभीर अपाय होतो, म्हणून त्यांनीं वैद्याचा विचार घेतल्याखेरीज ती टोंचून घेऊं नये असा सर्वमान्य सल्ला आहे. आजी-आजोबांचा हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वीं सुटावयास पाहिजे होता. कागदानें तो विमानतळावर सोडून दिला होता.

चौथी गोष्ट चाकांची. नैरोबीहून मसाई माराला मोटारीनें पांच-सहा तास लागतात. मारा आणि टांझानियांतील सेरेंगेटी हीं दोन अभयारण्यें एकमेकांस लागून आहेत; नकाशावर त्यांच्यामध्यें बोटभरहि जागा नाहीं. परंतु प्रवाशांच्या गाडीस तेथून सरळ पलीकडे जातां येत नाहीं. पश्चिमेस इसेबानियाच्या किंवा दूर पूर्वेस नामांगाच्या नाक्यावरून वळसा घ्यावा लागतो, आणि त्यांत उजेडाचा एक दिवस संपतो. दहा रात्रींच्या त्या कार्यक्रमांत प्रत्यक्ष जनावरांसाठीं किती वेळ उरतो, हें आम्हीं आजोबांच्या समक्ष पेन्सिलीनें मोजलें. साडेतीन दिवस भरले. बाकीचा वेळ विमानतळ, नाके, उपाहारगृहें आणि धूळ यांनीं वांटून घेतला होता.

या चुका एखाद्या मंडळीच्या निष्काळजीपणावर घालून मोकळें होतां आलें असतें, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. दोष याहून खोल आहे. तो आपल्या पाहण्याच्या रीतींत आहे. ‘पांच महापशु’ हे शब्द कोठून आले याचा विचार आपण करीत नाहीं. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा व रानरेडा हे पांच प्राणी पायीं जाऊन मारण्यास सर्वांत अवघड आणि धोक्याचे, म्हणून गोऱ्या शिकाऱ्यांनीं ही पंचक-यादी केली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं या प्रदेशांत गेले. त्यांनीं व त्यांच्या मुलानें मिळून ५१२ जनावरें मारिलीं, आणि सर्व तुकडीनें अकरा हजारांहून अधिक नमुने वस्तुसंग्रहालयासाठीं गोळा केले. ती सफर शिकाऱ्याची होती, तेव्हां यादी शिकाऱ्याची असणें साहजिक होतें. पुढें केनियानें १९७७ सालीं शिकारीस बंदी केली. बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला. पण यादी तीच राहिली. बिबट्याची शेपटी झाडावरून लोंबतांना दिसली कीं त्याच्या नांवापुढें खूण करावयाची आणि गाडी पुढें हांकावयाची! या पाहण्यांत आणि नेम धरण्यांत जनावराचा जीव वांचतो एवढाच काय तो फरक.

आणि तो तरी नेहमीं वांचतो काय? मसाई माराच्या परिसरांतील चित्त्यांविषयीं एक शास्त्रीय अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें प्रवाशांची वर्दळ फार, तेथें एका विणीमागें मोठीं होऊन आईपासून स्वतंत्र होणारीं बछडीं सरासरी ०.२, जेथें वर्दळ थोडी, तेथें २.३. चित्ता दिवसा शिकार करतो. गाड्यांच्या कड्यांत सांपडल्यावर त्याच्या मादीनें दबा धरावा कसा आणि पिल्लांस भरवावें कसें? एका जनावराभोंवतीं पांचांहून अधिक गाड्या नसाव्यात असा नियम मारांत आहे. तो मोडावयास चालकास कोण लावतें? ज्याला संध्याकाळपर्यंत यादी पुरी करावयाची आहे आणि उद्यां पहांटे दुसरा देश गांठावयाचा आहे, तोच ना?

देशांची संख्या वाढविण्याचा हव्यास तर याहूनहि अनाठायीं आहे. केनिया व टांझानिया यांच्यामधील सीमा ब्रिटन आणि जर्मनी यांनीं १८८६ सालीं करारानें ठरविली. किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत, किलिमांजारोपाशीं एक वळण सोडल्यास, ती जवळजवळ पट्टीनें ओढल्यासारखी आहे. मसाई लोकांच्या चराऊ कुरणांचे तिनें दोन तुकडे केले. परंतु ज्यांना वाइल्डबीस्ट किंवा नू म्हणतात तीं जनावरें ती मानीत नाहींत. दहा लाखांहून अधिक नू आणि त्यांच्या संगतीनें लाखों झेब्रे पावसामागून व गवतामागून वर्षभर फिरत असतात. जानेवारी ते मार्च हे कळप दक्षिणेस न्दुतूच्या सपाट कुरणांवर असतात, आणि फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांतच बहुतेक माद्या वितात. जूनच्या आसपास कळप वायव्येकडे सरकतात. जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या दोन्ही तीरांवर असतात. नोव्हेंबरच्या पावसाबरोबर पुन्हां दक्षिणेस वळतात. ज्याला हें वर्तुळ कळलें त्याला कळेल कीं, येथें ‘कोणता देश?’ हा प्रश्न दुय्यम असून ‘कोणता महिना?’ हा पहिला आहे. त्या छापील कागदांत महिन्यासाठीं कोरी जागा सोडलेली होती!

यावर आजोबांनीं जो आक्षेप घेतला तो पुष्कळांचा असेल : “आयुष्यांत पुन्हां का जाणें होणार आहे? एवढ्या दूर जावयाचें, तर सगळें पाहून यावें.” या म्हणण्यांतील कळकळ आम्हांस समजते. परंतु पुन्हां जाणें नाहीं, हेंच तर थोडें आणि नीट पाहण्याचें कारण आहे. मारा नदीच्या कांठीं कळप येतो, पाण्याकडे पाहतो, मागें फिरतो, कधीं दिवसभर उभा राहतो. जो तेथें एकच रात्र राहतो तो नशीब अजमावतो. जो चार रात्री राहतो त्याला वाट पाहणेंहि पाहावयास मिळतें. आपल्याकडे पंढरीची वारी करणारा मनुष्य क्षणभराच्या दर्शनासाठीं पंधरवडा चालतो आणि वाट ही यात्रेबाहेरची आहे असें मानीत नाहीं. हें शहाणपण आपण घरीं ठेवून विमानांत बसतों.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रवाशांच्या पैशावर हीं अरण्यें तगलीं आहेत, तेव्हां प्रवास कमी करा असें सांगणें म्हणजे त्यांचा घात करणें, असें कोणी म्हणेल. प्रवाशांचा पैसा अरण्यांस लागतो हें आम्ही मान्य करतों. पण एका देशांत दहा दिवस राहणारा मनुष्य कमी पैसा देतो असें थोडेंच आहे? विमानभाड्यांत जाणारा त्याचा पैसा उलट गांवांत, वाटाड्यांत आणि अरण्यखात्यांत जातो. शिवाय या अरण्यांची किंमत डॉलरांखेरीज अन्य नाण्यांतहि दिली गेली आहे, हें विसरतां कामा नये. १९५९ सालीं मसाई लोकांस सेरेंगेटी सोडावें लागलें. १९९१ सालीं ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालें तेव्हां तेथील बटवा लोकांस अरण्याबाहेर काढण्यांत आलें. २०२२ सालीं लोलिओंडो येथें राखीव हद्दीच्या खुणा रोंवतांना पोलीस व मसाई यांच्यांत संघर्ष झाला आणि कित्येक कुटुंबें सीमा ओलांडून केनियांत गेलीं. ज्या भूमीसाठीं माणसांनीं घरें सोडलीं, ती भूमि खिडकींतून खूण करून संपविण्याची वस्तु नाहीं.

मग करावें काय? आमचें उत्तर साधें आहे : एक देश, एक ऋतु, आणि फार तर दोन-तीन मुक्काम. फेब्रुवारींत टांझानिया घ्यावा. न्दुतू आणि न्गोरोंगोरो एवढ्यांत दहा रात्री अपुऱ्या पडतील. सुटी ऑगस्टांतच मिळत असेल तर केनिया घ्यावा. तेथें मोंबासाहून नैरोबीस आगगाडीनें गेल्यास ती त्सावोच्या अरण्यांतून जाते. १८९६ ते १९०१ या काळांत या वाटेवर पहिला लोहमार्ग झाला तो हिंदुस्थानांतून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांच्या हातांनीं. त्यांतील सुमारें अडीच हजार तेथेंच मेले, आणि १८९८ सालीं त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांनीं खाल्ले ते त्यांच्यांतलेच. नातीस हें सांगणारा आजोबा बरोबर असतांना पांच महापशूंची यादी कशास हवी? आणि अनेक देशांचीच हौस असेल, तर झांबेझी नदीवर जावें. तेथें व्हिक्टोरिया धबधब्याच्या दोन तीरांवर झांबिया व झिंबाब्वे आहेत आणि बोत्स्वानांतील चोबेचे हत्ती शंभर किलोमीटरांच्या आंत आहेत. तेथें सीमा निसर्गानेंच एकत्र आणिल्या आहेत. आपण धांवून त्या जोडण्याची गरज नाहीं.

जो कोणी असा कागद हातीं घेईल त्यानें सही करण्यापूर्वीं चारच प्रश्न विचारावे. त्या महिन्यांत जनावरें कोठें असतात? आमच्यांतील सर्वांत लहान व सर्वांत वृद्ध माणसास प्रत्येक ठिकाणीं जातां येईल काय? कोणता व्हिसा कोठें चालत नाहीं? आणि उजेडाचे किती तास अरण्यांत, किती रस्त्यावर? उत्तरें देणारा अडखळला, तर कागद परत करावा.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपला ‘सफर’ हे एकाच अरबी मुळाचे आहेत; त्याचा अर्थ केवळ प्रवास. शिकार हा अर्थ त्यास मागाहून चिकटला. आजोबांनीं अजून पैसे भरलेले नाहींत. मात्र परवां नात आमच्याकडे येऊन नूंच्या वाटेचा नकाशा मागून घेऊन गेली, आणि फेब्रुवारींत शाळेची किती दिवस रजा मिळते याची चौकशी घरांत चालू आहे असें कळतें.