साखरेची पट्टी आणि रेणूचा साचा

ग्लुकोमीटरच्या पट्टीवरील विकर, म्हणजे एन्झाइम, रक्तातील साखर नेमकी ओळखते. परंतु उष्णतेने व दमटपणाने ते निकामी होते. यावर संशोधकांनी शोधलेला पर्याय मोदकाच्या साच्यासारखा आहे. हव्या त्या रेणूभोवती बहुवारिक, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, घट्ट करून तो रेणू धुऊन काढतात. मागे उरलेली पोकळी त्याच रेणूला ओळखते. १९९३ साली स्वीडनमधील लुंड विद्यापीठात क्लाउस मोसबाख यांच्या गटाने अशा साच्यांनी दम्यावरील थिओफिलिनचे रक्तातील प्रमाण मोजले. हे साचे उष्णतेत टिकतात.

आपल्या घरची पट्टी मात्र अजून विकरावरच चालते. म्हणून बिलोलीच्या उन्हाळ्यात डबी खिडकीत वा फ्रीजमध्ये ठेवू नये. झाकण लगेच लावावे, मुदत पाहावी. लक्षणे व आकडा जुळत नसल्यास नव्या पट्टीने पुन्हा तपासावे. चुकीच्या आकड्यावर घेतलेले इन्सुलिन जिवावर बेतू शकते.